रेसिडेंटना लॅब चालवायला शिकवताना

एमडी पॅथॉलॉजीची तीन वर्षं म्हणजे ग्रॉसिंग (ऑपरेशनमध्ये काढलेला भाग कापून तपासणं), स्लाइड, थीसिस आणि परत स्लाइड, आणि ते तसंच असायला पाहिजे, मायक्रोस्कोपखाली नजर बसायला तेवढा वेळ लागतोच. पण परीक्षा पास झाली की थोड्याच दिवसांत हीच मुलं कुठल्या तरी लॅबची इनचार्ज होऊन बसतात, कोणी म्हापशात, कोणी मडगावात, कोणी पलीकडे सावंतवाडी-कुडाळला, आणि तिथे पहिल्याच आठवड्यात काय समोर येतं तर रिएजंट (टेस्टला लागणारं रसायन) संपत आलंय, कंट्रोल (आकडा आधीच माहीत असलेलं, मशीन तपासायचं सॅम्पल) मर्यादेबाहेर गेलाय, सिनियर टेक्निशियन चवथीच्या रजेवर आहे आणि वॉर्डातून फोन आलाय की तुमचा पोटॅशियमचा रिपोर्ट पेशंटशी जुळत नाही. यातलं काहीच कोणी हाताला धरून शिकवलेलं नसतं आणि रिपोर्टखाली सही मात्र त्यांची. डिसेंबर २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की लॅब रिपोर्टवर पॅथॉलॉजीतली पीजी डिग्री असलेल्या रजिस्टर्ड डॉक्टरचीच सही चालेल. बरोबरच आहे ते. पण मग त्या सहीमागचं सगळं काम कळायला नको का?

मी गोव्यातल्या एका टीचिंग हॉस्पिटलमध्ये पॅथॉलॉजी शिकवते. पूर्वी लॅब मॅनेजमेंट आणि क्वालिटी हा विषय दोन लेक्चरमध्ये संपायचा. मेडिकल लॅबसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १५१८९ म्हणजे काय, लॅबना मान्यता देणारी एनएबीएल कोण, कंट्रोलचे आकडे तपासायचे वेस्टगार्डचे नियम कुठले, टर्नअराउंड टाइमची (रिपोर्टला लागणाऱ्या वेळेची) व्याख्या, झालं. मुलं थिअरी पेपरात ते छान लिहायची, आकृतीसकट. पण ते कागदावरच राहायचं. म्हणून आम्ही ठरवलं की दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटचं (एमडी करणाऱ्या डॉक्टरचं) एक महिन्याचं पोस्टिंग फक्त यासाठी ठेवायचं, त्या महिन्यात तो किंवा ती मेन लॅबमध्ये बसणार, स्लाइड फक्त दुपारनंतर. दुसरं वर्षच का, तर पहिल्या वर्षाच्या मुलांना टेस्टच अजून नीट माहीत नसतात आणि तिसऱ्या वर्षी डोक्यावर परीक्षा असते, तेव्हा त्यांना दुसरं काही सांगून उपयोग नाही. पोस्टिंगचा एकच नियम, महिन्याच्या शेवटी लॅबमधली एक तरी खरी अडचण थोडी तरी हललेली दिसली पाहिजे. प्रेझेंटेशन नको, हललेली अडचण पाहिजे.

सुरुवात मी क्यूसीने, म्हणजे क्वालिटी कंट्रोलने करते. सकाळी ओपीडीची सॅम्पल यायच्या आधी टेक्निशियनबरोबर ॲनालायझरसमोर उभं राहायचं. कंट्रोल फ्रीजमधून कधी काढला, रूम टेम्परेचरला किती वेळ ठेवला, फेस न आणता हलवला का, लॉट (उत्पादनाची बॅच) कुठला, बाटलीवर उघडल्याची तारीख आहे का. मग स्क्रीनवरचा एलजे (लेव्ही-जेनिंग्ज) चार्ट, कंट्रोलचे रोजचे आकडे ठिपक्यांनी दाखवणारा. शूहार्टने १९२० च्या दशकात टेलिफोनच्या कारखान्यासाठी काढलेला कंट्रोल चार्ट लेव्ही आणि जेनिंग्ज या दोघांनी १९५० साली लॅबमध्ये आणला, आणि वेस्टगार्डने १९८१ मध्ये त्यावर नियमांचा संच दिला, हे सगळ्यांना पाठ असतं. पण चार्टवर सलग आठ-नऊ ठिपके मीनच्या (सरासरीच्या) वरच्याच बाजूला बसलेले असतात, सगळे २ एसडीच्या (स्टँडर्ड डीव्हिएशन, चढउताराचं माप) आत, आणि रेसिडेंट म्हणतो मॅडम क्यूसी पास आहे. मी विचारते ठिपके कुठल्या दिवसापासून वर गेले? मग तो मागे जातो, तारीख सापडते, त्या तारखेचं रजिस्टर उघडतो आणि त्याच दिवशी कॅलिब्रेटरचा (ज्यावरून मशीनचं माप लावतात त्याचा) नवीन लॉट चढवलेला असतो. तिथे त्याच्या चेहऱ्यावर जे दिसतं ना, ते लेक्चर देऊन कधी दिसलेलं नाही. एकदम उडी मारून वर बसलेला चार्ट आणि हळूहळू घसरत जाणारा चार्ट यांची कारणं वेगळी असतात, पहिल्यात बहुतेक कॅलिब्रेशन किंवा लॉट, दुसऱ्यात लॅम्प म्हातारा होतोय किंवा रिएजंट खराब होतंय, हे एकदा स्वतः शोधलं की मग विसरत नाहीत.

आणखी एक गोष्ट मी कागदावर गणित करून दाखवते. फक्त २ एसडीची मर्यादा धरली तर सगळं व्यवस्थित चालू असतानासुद्धा साधारण वीसातला एक ठिपका बाहेर जाणारच, आणि दोन लेव्हलचे कंट्रोल लावत असाल तर जवळपास ९ टक्के वेळा विनाकारण धोक्याची घंटा वाजणार. मग माणूस काय करतो, कंट्रोल परत लावतो, परत लावतो, आत आला की पुढे जातो. ही सवय लागली की खरंच काही बिघडलेलं असेल तेही तसंच पुढे जातं. म्हणून १-२एस (एक ठिपका २ एसडीबाहेर) हा फक्त इशारा धरायचा, १-३एस (एक ठिपका ३ एसडीबाहेर) किंवा २-२एस (लागोपाठ दोन ठिपके एकाच बाजूला २ एसडीबाहेर) आला तर थांबायचं, आणि दोन्ही कंट्रोल एकाच बाजूला गेले असतील तर दोष सगळ्या सॅम्पलना सारखा लागणारा आहे, एक वर आणि एक खाली गेला असेल तर बुडबुडा, पिपेटिंग, असलं काहीतरी एकेकट्या वेळचं आहे. हे समजलं की "परत लावून बघा" असं रेसिडेंट टेक्निशियनला सांगत नाहीत, आधी विचार करतात काय झालं असेल.

इथे टेक्निशियनबद्दल सांगायलाच पाहिजे. आमच्या लॅबमध्ये काही जण असे आहेत की मशीनच्या प्रोबच्या (सॅम्पल ओढणाऱ्या नळीच्या) आवाजावरून सांगतात आज काहीतरी अडतंय. रेसिडेंट येतात ते डॉक्टर म्हणून, आणि पहिले काही दिवस दोन्हीकडून जरा अवघडलेपण असतं. मी मुलांना सांगते की या महिन्यात तुमचे गुरू ते आहेत, मी नाही. फ्रीजचंच बघा. तापमानाच्या रजिस्टरमध्ये महिनाभर रोज सकाळ-संध्याकाळ ४ अंश, ४ अंश, ४ अंश असंच लिहिलेलं असेल तर रेसिडेंटला ते आवडतं, किती स्टेडी आहे म्हणून. आमच्या एका सिनियर टेक्निशियन मॅडमनी एका मुलीला शांतपणे सांगितलं की डॉक्टर, पावसाळ्यात गोव्यात करंट जातो-येतो, स्टॉक येतो तेव्हा दार अर्धा तास उघडं असतं, मग ४ च कसा राहील? तिने आत मिन-मॅक्स थर्मामीटर ठेवला, आणि दुपारी पारा ८ च्या वर जाऊन येतोय हे दिसलं, तर बहुतेक रिएजंटना २ ते ८ च लागतं. कोणावर आरडाओरडा झाला नाही. स्टॉक ठेवायची वेळ सकाळची केली, मधल्या शेल्फवरची गर्दी कमी केली, आणि रजिस्टरमध्ये आता मिनिमम आणि मॅक्सिमम असे दोन आकडे लिहितात. एवढी छोटी गोष्ट, पण करणारी मुलगी रेसिडेंट होती आणि सांगणारी टेक्निशियन, आणि त्यानंतर त्या दोघींचं जे जमलं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

आता ज्याच्याबद्दल मला सविस्तर लिहायचंय ते कॅज्युअल्टीचं, म्हणजे इमर्जन्सी विभागाचं काम. कॅज्युअल्टीवाल्यांची कायमची तक्रार की लॅब उशीर करते, आणि आमच्या कॉम्प्युटरमध्ये बघावं तर आमचा टाइम उत्तम, सॅम्पल रिसीव्ह झाल्यापासून रिपोर्ट व्हेरिफाय होईपर्यंत ठरल्या वेळेत. दोघेही खरं बोलत होते! आमचं घड्याळ सॅम्पल काउंटरवर आल्यावर सुरू होतं आणि त्यांचं सुई टोचल्यावर. मधला वेळ कोणाच्याच रजिस्टरमध्ये नाही. त्या महिन्यात दोन रेसिडेंट एकत्र होते, एक डिचोलीची मुलगी आणि एक केरळचा मुलगा. ऑल इंडिया कोट्यातून आलेल्यांना सुरुवातीला कोंकणीही येत नाही आणि मराठीही नाही, त्यामुळे अशी जोडी लावलेली बरी पडते. त्यांना मी सांगितलं की ट्यूबच्या मागे चालत जा. अक्षरशः. कॅज्युअल्टीत रक्त काढलं की चिठ्ठीवर वेळ लिहा, आणि ती ट्यूब मशीनमध्ये जाईपर्यंत तिच्याबरोबर राहा, जिथे थांबेल तिथे थांबा आणि वेळ लिहा.

ट्यूब थांबायची ट्रेमध्ये. कॅज्युअल्टीच्या टेबलावर एक ट्रे आणि अटेंडंट काका तो भरला की घेऊन यायचे. मुलांना पहिल्यांदा वाटलं काका आळस करतात. डिचोलीच्या मुलीने त्यांच्याशी बसून बोलून बघितलं, कोंकणीत, चहा घेत. तर ते म्हणाले, बाय, म्हाका कोणें सांगूंक ना. एमर्जन्सीची ट्यूब वेगळी न्यायची असं त्यांना कोणी कधी सांगितलेलंच नव्हतं, उलट खूप वर्षांपूर्वी एकेक ट्यूब घेऊन सारखे वर-खाली का फिरता म्हणून कोणीतरी बोललं होतं आणि तेव्हापासून ते ट्रे भरायची वाट बघत होते. म्हणजे ते नियम पाळत होते. आम्हाला नियम माहीत नव्हता.

हे मी प्रत्येक बॅचला सांगते कारण क्वालिटीचं सगळं काम इथे येऊन ठरतं. "कोणामुळे झालं" विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं काकांमुळे, आणि त्यांना मेमो गेला असता, आणि पुढच्या महिन्यात दुसरे काका तेच करत बसले असते. "कुठे थांबलं" विचारलं म्हणून ट्रे सापडला. मग काय केलं, कॅज्युअल्टीसाठी लाल रंगाचा छोटा वेगळा रॅक, त्यात ट्यूब पडली की लगेच निघायचं, आणि बाकीची सॅम्पल नेहमीच्या फेरीत. रॅक कुठे ठेवायचा हे मुलांनी नकाशा काढून ठरवलं होतं, पण सिस्टर इनचार्जनी पहिल्याच ड्यूटीत तो उचलून दुसरीकडे ठेवला कारण ट्रॉली आत आली की तिथे हातच पोचत नव्हता. म्हणूनच मी म्हणते की कुठलाही बदल आधी एका ड्यूटीपुरता, एका टेबलापुरता करून बघा, मग बघून सुधारा, मग पुढे न्या. पुस्तकात याला पीडीएसए (प्लॅन-डू-स्टडी-ॲक्ट) म्हणतात, डेमिंगच्या नावाने प्रसिद्ध आहे, पण सिस्टरनी रॅक हलवला तो दिवस मुलांच्या जास्त लक्षात राहिला.

त्याच चालण्यात दुसरी गोष्ट दिसली. कॅज्युअल्टीची बरीच सॅम्पल हिमोलाइज होऊन यायची, सीरम गुलाबी-लाल. तांबड्या पेशी फुटल्या की आतलं पोटॅशियम बाहेर येतं, रिपोर्ट ६ च्या वर जातो, आणि समोरचा डॉक्टर खरंच हायपरकॅलेमिया (रक्तात पोटॅशियम जास्त) आहे समजून कॅल्शियम ग्लुकोनेट, इन्सुलिन सुरू करायच्या विचारात पडतो. उलटंही होतं, पोटॅशियम खरं तर कमी असतं आणि हिमोलिसिसमुळे नॉर्मल दिसतं, ते तर जास्त घातक. आमच्या लॅबमध्ये काय व्हायचं, सॅम्पल रिजेक्ट, परत पाठवा. रिजेक्ट करणं सोपं आहे, पण चार तास ट्रॉलीवर पडलेल्या पेशंटला परत टोचणं हे लॅबच्या काउंटरवरून दिसत नाही. मुलांनी उभं राहून बघितलं तेव्हा कळलं की इंटर्न कॅन्युलातून (शिरेत बसवलेल्या सलाइनच्या नळीतून) सिरिंजने जोरात ओढतात, स्पिरिट सुकायच्या आधी टोचतात, आणि सिरिंजमधलं रक्त सुईतूनच ट्यूबच्या रबरात दाबून घालतात.

मुलांचा पहिला प्रस्ताव काय होता, इंटर्नना लेक्चर देऊया. मी विचारलं, इंटर्न किती दिवस असतात? पोस्टिंग संपलं की नवे येतात, मग परत लेक्चर, परत नवे. माणसं बदलली तरी जागेवर राहील असं काहीतरी करा. दोन दिवस डोकं खाजवून त्यांनी कलेक्शन ट्रेचीच मांडणी बदलली. निळी सायट्रेटची ट्यूब सगळ्यात पहिली, मग प्लेन-जेलवाली, मग जांभळी ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन असलेली), शेवटी राखाडी फ्लोराइड, ज्या क्रमाने भरायच्या त्याच क्रमाने हाताला येतील अशा. कारण ईडीटीए आधी भरली आणि त्याचा अंश पुढच्या ट्यूबमध्ये गेला तर पोटॅशियम वाढलेलं आणि कॅल्शियम तळाला गेलेलं असा विचित्र रिपोर्ट येतो. ट्रेच्या आतल्या बाजूला चार ओळींची चिठ्ठी, सुई काढा, झाकण उघडा, रक्त कडेने हळू सोडा, जोरात हलवू नका, हळू उलटंसुलटं करा. चिठ्ठी देवनागरीत लिहिली, कारण एसओपी (कामाची लेखी पद्धत) इंग्रजीत फाइलमध्ये असते आणि ट्रे भरून ठेवणारी माणसं रोज सकाळी मराठी पेपर वाचतात. आणि सगळ्यात कामाची गोष्ट, लॅबने दर आठवड्याला कॅज्युअल्टीला एक छोटा ग्राफ पाठवायचा, किती सॅम्पल हिमोलाइज झाली, बाकी काही नाही, कोणाचं नाव नाही. ग्राफ खाली आला. मग नवीन इंटर्न आले तेव्हा परत थोडा वर गेला, आणि ते आम्हाला कोणी तक्रार करायच्या आधी ग्राफवर दिसलं. सिस्टरनीच फोन करून सांगितलं की नवी मुलं आलीत, आम्ही बघतो.

इटलीतल्या प्लेबानी आणि कॅरारो यांचा १९९७ चा अभ्यास मी यानंतर वाचायला देते, आधी नाही. त्यात इमर्जन्सी लॅबमधल्या चुकांपैकी ६८.२ टक्के सॅम्पल मशीनपर्यंत पोचायच्या आधीच्या, १३.३ टक्के मशीनवरच्या आणि १८.५ टक्के रिपोर्ट निघाल्यानंतरच्या निघाल्या होत्या. दहा वर्षांनी त्यांनीच परत बघितलं तर पहिला आकडा ६१.९ वर आलेला, म्हणजे तरी निम्म्याहून जास्तच. आधी वाचलं तर हा परीक्षेतला आकडा असतो, ट्यूबच्या मागे चालून आल्यावर वाचलं की मुलं म्हणतात मॅडम, हे तर आपलंच आहे.

नॉन-कन्फॉर्मन्सचं, म्हणजे ठरल्याप्रमाणे न झालेल्या गोष्टी लिहायचं रजिस्टर, ज्याला सगळे एनसी रजिस्टर म्हणतात, ते रिकामं असलं की लॅब चांगली चाललीय असं बऱ्याच जणांना वाटतं. माझ्या मते रिकामं रजिस्टर म्हणजे लोक घाबरलेत. हे पटवायला वेळ लागतो. एका रेसिडेंटने सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) व्हेरिफाय करताना बघितलं की एका पेशंटचा एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) काल सत्तरच्या घरात होता आणि आज नव्वदच्या वर, मध्ये रक्त चढवलेलं नाही. एमसीव्ही असा एका रात्रीत बदलत नसतो. तिने रिपोर्ट थांबवला, वॉर्डात गेली, तर एकाच नावाचे आणि एकाच आडनावाचे दोन पेशंट शेजारच्या बेडवर, गोव्यात हे नवीन नाही, गावकर किंवा फर्नांडिस अशी हाक मारली की वॉर्डात तिघे-चौघे मान वळवतात. लेबल नर्सिंग स्टेशनवर एकगठ्ठा छापून मग ट्यूबना लावली जात होती. तिने एनसी लिहिली, त्यात एकाही सिस्टरचं नाव नाही, फक्त "लेबल बेडपासून लांब लावलं जातं" आणि पुढे पाच वेळा का, का विचारून काढलेली कारणं. सिस्टरना भीती होती की आता वर तक्रार जाणार. ती गेली नाही हे बघितल्यावर पुढच्या काही आठवड्यांत वॉर्डातूनच लॅबला फोन यायला लागले, डॉक्टर, आमच्याकडून एक ट्यूब बहुतेक चुकीची आलीय, थांबवा. असे फोन येणं यापेक्षा चांगली लॅब कशाला म्हणायची मला माहीत नाही.

पावसाळ्याचं वेगळं. डेंगी सुरू झाला की सीबीसीचा ढीग, आणि प्रत्येक नातेवाइकाला प्लेटलेटचा आकडा पाहिजे, सकाळचा वेगळा, संध्याकाळचा वेगळा. मशीनने २० हजार दाखवले की घरचे लोक रक्तपेढीकडे धावतात. पण ईडीटीएमध्ये काही जणांच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटून गुठळ्या होतात आणि मशीन त्यांना मोजतच नाही, स्मिअर (स्लाइडवर पसरलेला रक्ताचा थर) बघितला की कडेला त्या गुठळ्या दिसतात, सायट्रेटमध्ये परत लावलं की खरा आकडा येतो. आता प्रश्न असा की एवढ्या गर्दीत प्रत्येक स्मिअर बघायचा कोणी? हाच मॅनेजमेंटचा प्रश्न, आणि तो मी रेसिडेंटवर सोडते. आंतरराष्ट्रीय गटाने २००५ मध्ये स्मिअर कधी बघायचा याचे ४१ नियम छापलेत, ते जसेच्या तसे लावले तर आमची दुपार संपणार नाही. मग मुलं आमचेच जुने रिपोर्ट काढून बसतात, मशीनच्या कुठल्या फ्लॅगवर (इशाऱ्यावर) खरंच काही सापडलं, कुठल्यावर नाही, पहिल्यांदाच कमी आलेला आकडा आणि चार दिवस माहीत असलेला कमी आकडा यात फरक करायचा का, रात्री एकटा टेक्निशियन असताना काय करायचं. हे वाद ऐकायला मला फार आवडतं. काय सोडून द्यायचं हे ठरवायला काय बघायचं यापेक्षा जास्त पॅथॉलॉजी यावी लागते.

पैशाचा भाग मुलांना सगळ्यात नकोसा वाटतो. डॉक्टर झालो ते किंमत काढायला का, असं एकाने मला सरळ विचारलं. मी त्याला एकच टेस्ट दिली, कमी येणारी एक हार्मोनची, आणि सांगितलं एका रिपोर्टची किंमत काढ. त्याने किटची किंमत भागिले टेस्टची संख्या असं करून आणलं. मग आम्ही बसून त्यात कंट्रोल घातले, कॅलिब्रेशन घातलं, रिपीट घातले, तळाशी राहून वाया जाणारं रिएजंट घातलं, एक्स्पायर होऊन टाकलेलं किट घातलं. मशीन कंपनी फुकट बसवते असं म्हणतात तेव्हा त्या मशीनची किंमत रिएजंटच्या दरात कशी बसलेली असते तेही बघितलं. आकडा कितीतरी वर गेला. मग त्याचं म्हणणं, ही टेस्ट रोज लावायची नाही, आठवड्यातून दोनदा बॅच करून लावूया, कंट्रोल वाचतील. हिशोब बरोबर होता. मी त्याला ओपीडीच्या ब्लड कलेक्शनला पाठवलं. तिथे काणकोणहून पहाटे निघून आलेली एक बाई होती, रोजंदारीवर जाणारी, रिपोर्टला परत यायचं म्हणजे तिचा अजून एक दिवस बुडणार, आणि बसभाडं वेगळं. आमचे वाचलेले पैसे कोणाच्या खिशातून जाणार होते हे त्याला तिथे दिसलं. शेवटी त्याने बॅचचे वार ओपीडीच्या वारांशी जुळवले, म्हणजे त्या विभागाच्या फॉलोअपच्या दिवशी रिपोर्ट तयार मिळतो, वेगळी फेरी नको. याला खर्चही कमी आला आणि कोणाला जास्त चालावंही लागलं नाही. तो मुलगा आता टेंडरचे कागद वाचायला मागतो.

महिन्याच्या शेवटी ऑडिट. आयएसओ १५१८९ ची २०२२ ची आवृत्ती जोखमीचा विचार करा असं ठिकठिकाणी सांगते, ते कलम वाचून दाखवण्यात अर्थ नाही. आम्ही एक कुठलाही जुना रिपोर्ट काढतो आणि रेसिडेंटने त्याच्या उलट दिशेने जायचं. सही कोणी केली, त्या दिवशी कंट्रोल कसा होता, रिएजंटचा लॉट कुठला, तो लॉट आल्यावर जुन्याशी ताडून बघितला होता का, सॅम्पल कोणी घेतलं, किती वाजता, त्या माणसाच्या ट्रेनिंगची नोंद आहे का, क्रिटिकल रिपोर्ट (जिवाला धोका दाखवणारा) असेल तर फोन कोणाला केला आणि समोरच्याने आकडा परत वाचून दाखवला का. कुठेतरी दोरा तुटतोच. जिथे तुटतो ते पुढच्या रेसिडेंटचं काम. त्यामुळे कोणालाही विषय शोधत बसावं लागत नाही आणि आधीच्याने केलेलं टिकलंय का हेही आपोआप बघितलं जातं.

सगळं गोड चाललंय असं नाही. परीक्षेत हे फारसं विचारत नाहीत आणि मुलांना ते माहीत असतं, त्यामुळे थीसिसची तारीख जवळ आली की पोस्टिंगमधून कोणीतरी गायब होणार. काही रजिस्टरं अजून कागदावरच आहेत, एकेक आकडा हाताने उतरवून काढावा लागतो आणि त्यात मुलांचा जीव जातो. काही विभागांना वाटतं लॅबवाले आमच्या चुका मोजायला येतात, तिथे पहिले दोन आठवडे नुसतं ओळख करण्यात जातात. आणि एका महिन्यात कुठलाच बदल पक्का होत नाही. म्हणून जिल्हा हॉस्पिटलच्या तीन महिन्यांच्या पोस्टिंगला मुलं जातात तेव्हा मी त्यांना सांगून ठेवते की तिथे जाऊन सुधारणा करायला लागू नका, आधी ट्यूबच्या मागे चाला, तिथल्या लोकांनी काय काय जमवून आणलंय ते बघा. कमी माणसांत काम कसं बसवतात हे तिथून शिकून आलेली मुलं आमच्याकडे परत येऊन आमचंच वेळापत्रक बदलायला सांगतात, आणि बरेचदा त्यांचं बरोबर असतं.

आता पुढच्या महिन्याची जोडी ब्रेस्ट कॅन्सरच्या स्पेसिमेनवर काम करणार आहे. ईआर, पीआर, हर-टू (ट्यूमरवर करायच्या, उपचार ठरवणाऱ्या टेस्ट) भरवशाचं यायचं असेल तर ऑपरेशनमध्ये काढलेला भाग तासाभरात फॉर्मॅलिनमध्ये (तो खराब होऊ न देणाऱ्या द्रावणात) गेला पाहिजे आणि ६ ते ७२ तास फिक्स झाला पाहिजे. फॉर्मॅलिन आत शिरतं साधारण तासाला एक मिलिमीटर, म्हणजे आख्खी मास्टेक्टमी (काढलेला पूर्ण स्तन) न कापता डब्यात बुडवून ठेवली तर बाहेरून फिक्स आणि आतला ट्यूमर तसाच. शनिवारी संध्याकाळच्या केसचं काय होतं तिथून सुरुवात करायची असं ठरलंय. पहिल्या मीटिंगला ओटीच्या सिस्टर आल्या होत्या, सगळं ऐकून घेतलं आणि त्यांनी विचारलं, भाग बाहेर काढल्याची वेळ आणि फॉर्मॅलिनमध्ये टाकल्याची वेळ लिहायची कुठे, तुमच्या फॉर्मवर तर जागाच नाही. फॉर्म आमचाच, पॅथॉलॉजीचा. तर पहिलं काम तेच, फॉर्मवर दोन रकाने वाढवायचे, आणि नवीन छापून येईपर्यंत रबरी शिक्का करून घ्यायचा, तो मुलांनी कालच ऑर्डर केलाय.